बर्फाचे खोपटे

आम्हां धर्मगुरूंच्या प्रातःप्रार्थनेत एका रविवारआड एक लांबलचक स्तवन येते. बाबेलच्या राजाने धगधगत्या भट्टीत टाकलेल्या तीन तरुणांच्या मुखी ते आहे. सूर्यचंद्रापासून पाण्यातल्या जलचरांपर्यंत अवघ्या सृष्टीला ते तरुण देवाच्या स्तुतीसाठी हाकारतात, आणि त्या हाकेत दव येते, गारठा येतो, बर्फ येतो, हिमही येते. सेमिनरी हिल्सवर शिकत असताना मे महिन्याच्या पहाटे आम्ही हे स्तवन म्हणत असू. नागपूरचा मे! पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर गेलेला, रात्रभर गच्चीवर पाणी शिंपडूनही पाठ भाजून निघालेली. भट्टी कशी असते हे आम्हांला कोणी शिकवावे लागत नव्हते. हिम मात्र शब्दकोशातले. आमच्या वर्गातल्या एका मिस्किल बंधूने तेव्हा म्हटले होते, की या स्तवनाचा अर्धा भाग आपण केवळ आज्ञापालन म्हणून म्हणतो.

बर्फ हा शब्दसुद्धा आपण फारसीतून उचलला. फारसीत त्याचा अर्थ आकाशातून पडणारे हिम असाच आहे. आपल्याकडे हिम पडत नाही म्हणून आपण तो कारखान्यातल्या लादीला देऊन टाकला. विदर्भातल्या माणसाला बर्फ म्हणजे भुशात पुरलेली, तरटात गुंडाळलेली लादी, आणि ती किसून रंगीत सरबत ओतणारा गोळेवाला. या भुशाची आणि तरटाची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

हुडकेश्वर परिसरातली आमची ख्रिस्ती कुटुंबे म्हणजे मध्यम आणि त्याहून खालच्या मिळकतीची माणसे. कोणी रेल्वेत, कोणी रुग्णालयात परिचारिका, कोणी बुटीबोरीच्या कारखान्यात, कोणी शिक्षक, कोणी मिस्त्री. जिथे तुरीची आणि गव्हाची शेते होती तिथे आता लेआउट पडले आहेत. चुन्याच्या फक्कीने आखलेले प्लॉट, अर्धवट बांधकामे, विटांचे ढीग, आणि त्या विटांची व लोखंडाची राखण करणाऱ्या चौकीदारांच्या टिनाच्या खोल्या. युवासंघाच्या वहीत तीसएक नावे आहेत. रविवारच्या बैठकीला पंधरा आली तर आम्ही समाधान मानतो. बारावी झाली, की मुले पुण्याला, बंगळुरूला जातात. उरतात ती बहुधा ज्यांना जाणे परवडत नाही ती.

२०२२ च्या आगमनकाळात या उरलेल्यांनी माझ्यासमोर एक मागणी ठेवली. दरवर्षीचे शिबिर रामटेकजवळ खिंडसीच्या काठी किंवा एखाद्या शाळेच्या वर्गखोल्यांत होते. यंदा त्यांना बर्फात जायचे होते. मनालीच्या वर, हामटा खोऱ्यात सेठन नावाचे एक छोटे गाव आहे. तिथल्या तरुणांनी काही वर्षांपूर्वी बर्फाची घरे बांधून पाहुण्यांना त्यांत मुक्कामाला ठेवण्याचा उद्योग सुरू केला, हे आमच्या एका मुलीने मोबाइलवर पाहिले होते. “फादर, आपण पाहायला नाही जायचं जी, आपण सोता बांधायचं,” असे ती म्हणाली.

धर्मग्राम परिषदेत हा विषय निघाला तेव्हा अर्थातच वादळ उठले. एका गृहस्थांनी विचारले, की थंडीत कुडकुडायला नऊ-नऊ हजार रुपये घालवायचे कशाला, ते तर आपल्या स्टेशनवर फुकट मिळते. प्रश्न कडू होता, पण खोटा नव्हता. एका मातेला सियाचीन आठवले. २०१६ च्या फेब्रुवारीत तिथल्या चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले होते. कर्नाटकचे लान्सनायक हणमंतप्पा सहा दिवसांनी बर्फाखाली जिवंत सापडले, आणि दिल्लीच्या रुग्णालयात दोन दिवसांनी त्यांनी प्राण सोडला. त्या वेळी आपल्या घराघरांतून प्रार्थना झाल्या होत्या. परिषदेतले एक निवृत्त हवालदार त्या भागात राहून आलेले. त्यांनी शांतपणे सांगितले, की सेठन म्हणजे सियाचीन नव्हे. पण बर्फ म्हणजे खेळही नव्हे. तेव्हा जाणाऱ्यांनी आधी माझ्याकडे आठ दिवस शिकायला यावे.

मी त्या सभेत एकच गोष्ट पुढे केली. पोप जॉन पॉल दुसरे पोलंडमध्ये तरुण धर्मगुरू असताना तिथल्या साम्यवादी सरकारने धर्मगुरूंना युवकांच्या सहली नेण्यास मनाई केली होती. तरीही ते विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरांत आणि तळ्यांवर जात. कोणी ओळखू नये म्हणून अंगात साधे कपडे असत आणि मुले त्यांना फादर न म्हणता ‘काका’ म्हणत. उलट्या घातलेल्या होडीवर ते मिस्सा अर्पण करीत. अशा फिरण्यातून त्यांच्याभोवती जो मित्रमेळा जमला तो जन्मभर टिकला. मला असे वाटते, की तरुणांना एकत्र बसवून उपदेश करणे सोपे आहे. त्यांना एकत्र काम देणे अवघड. गृहस्थ गप्प बसले, पटले म्हणून नव्हे, चहा आला म्हणून. ठराव मात्र मंजूर झाला.

पैशांबाबत आम्ही एक नियम केला: कोणी किती भरले हे कोणीच कोणाला सांगायचे नाही. नाताळचे आकाशकंदील विकून, करंज्या आणि अनारसे करून एक सामाईक डबा भरला गेला. त्यात ज्याने-त्याने झेपेल तेवढे टाकले. युवासंघात एक अबोल मुलगा होता, वय एकोणीस. आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा अभ्यास करून एका मिस्त्रीच्या हाताखाली कामाला लागलेला. त्याने परिसरातल्या घरांच्या गव्हाणींना दिव्यांच्या माळा जोडून दिल्या आणि मजुरी थेट डब्यात टाकली. त्याच्याविषयी मला एवढेच ठाऊक होते, की त्याचे वडील चौकीदार होते आणि एका हिवाळ्यात थंडीने वारले. मी या धर्मग्रामात २०२० साली आलो. ही घटना त्याआधीची.

२०२३ च्या जानेवारीअखेरीस, प्रजासत्ताक दिनाची सुटी जोडून, आम्ही निघालो: सहा मुले, चार मुली, त्यांच्याबरोबर एक धर्मभगिनी, आणि मी. नागपूर-दिल्ली रेल्वेने, तिथून रात्रभर बस. मनालीहून प्रीणी गावावरून वर चढणारा वळणावळणांचा रस्ता सेठनला नेतो. समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० मीटर उंची, मोजकी बौद्ध कुटुंबे, देवदारांचे रान आणि समोर धौलाधारच्या रांगा. गाडीतून उतरल्यावर आमच्या एका मुलीने वाकून मूठभर हिम उचलले, आणि पहिले वाक्य उच्चारले ते असे: “हे तं पिठासारखं आहे!”

नेमकी अडचण तीच होती. चित्रांतली गोल, विटांसारख्या चिऱ्यांची घरे ध्रुवप्रदेशातले इनुइट लोक बांधतात ती वाऱ्याने दाबून घट्ट झालेल्या जुन्या बर्फातून. चाकूने चिरा कापला तर त्याची धार टिकते. पिठासारख्या ताज्या हिमाचे चिरे पडत नाहीत. म्हणून आमच्या वाटाड्याने आम्हांला दुसरी रीत शिकवली. ती आपल्याकडच्या तणसाच्या गंजीसारखी आहे. फावड्याने हिम ओढून ढीग घालायचा, माणसापेक्षा हातभर उंच आणि दहा-अकरा फूट रुंद. फावड्याच्या पाठीने तो थापायचा. मग काहीच करायचे नाही; दोन तास थांबायचे. या थांबण्यातच ढिगाचे घर होते. ढवळलेल्या हिमाचे कण एकमेकांना टेकले, की सांध्यापाशी चिकटू लागतात आणि भुसभुशीत ढीग आतून जमून येतो. थांबायचे कसले म्हणून घाईने पोखरायला घेतले तर छत अंगावर येते. तरुणांना दोन तास स्वस्थ बसवणे हे बर्फ उपसण्याहून कठीण आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

थांबण्याच्या वेळात त्याने आमच्याकडून काटक्या तोडून घेतल्या, प्रत्येक वीतभराहून थोडी मोठी, फूटभर. या काटक्या ढिगात सर्व बाजूंनी आतवर खोचायच्या. आतून पोखरणाऱ्याला काटकीचे टोक दिसले, की त्या जागी हात आवरायचा. म्हणजे भिंत सगळीकडे सारखी जाड राहते. इतके साधे, इतके अचूक साधन मी फार थोडी पाहिली आहेत. पोखरताना एकजण आत, एकजण दाराशी, आणि एकजण बाहेर नुसते लक्ष ठेवायला, कारण छत बसले तर आतल्याला ओढून काढणारा हवा. आत गुडघ्यांवर रांगत काम करणारा भिजतो आणि घामेजतो. थंडीत घाम हा शत्रू. म्हणून वाटाड्या सारखा ओरडत होता, की जाकीट काढा, हळू करा, पाळी बदला. निवृत्त हवालदारांनीही आठ दिवस हेच घोकून घेतले होते.

घराचे खरे मर्म दारात आहे. दार ठेंगणे, इतके की गुडघे टेकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत गेल्यावर झोपायचा ओटा दाराच्या माथ्याहून उंच कोरायचा. थंड हवा जड, ती खाली दाराच्या खळग्यात उतरते. श्वासांनी ऊबावलेली हवा वर ओट्यावर राहते. छत आतून घुमटासारखे गुळगुळीत करायचे, म्हणजे वितळलेला थेंब अंगावर न पडता भिंतीवरून ओघळतो. आणि छतात तिरका, मुठीएवढा झरोका. वाटाड्या हिंदीत म्हणाला, “बाकी सब भूल जाओ, यह छेद बंद मत होने देना।”

संध्याकाळी बाहेर उणे आठ अंश होते आणि आत शून्याच्या आसपास. मुलांना हे नवल वाटले. बर्फाच्या घरात ऊब कशी? तेव्हा मी त्यांना गोळेवाल्याचा भुसा आणि तरट आठवायला सांगितले. भुसा लादीला थंड करीत नाही. बाहेरची उष्णता तिच्यापर्यंत पोचू देत नाही एवढेच. ताज्या हिमात नऊ भाग हवा आणि एक भाग पाणी असते. थापून घट्ट केल्यावरही पुष्कळ हवा त्यात कोंडलेली राहते. गोधडीत, लोकरीत, तणसात जी कोंडलेली हवा काम करते तीच ही. स्तोत्रकर्त्याने हिमाला लोकरीची उपमा दिली आहे. ती मी इतकी वर्षे केवळ रंगाची समजत होतो. आमच्या इलेक्ट्रिशियनने हिशेब मांडला. विसावलेले माणसाचे शरीर ऐंशी ते शंभर वॉट उष्णता देते, म्हणजे जुन्या काळचा शंभराचा एक बल्ब. “चार माणसं म्हणजे चार बल्ब, जी. बर्फानं काही देलं नाही. आपलंच आपल्याले परत देते.” त्या प्रवासात तो सलग एवढे पहिल्यांदाच बोलला.

जेवण स्वयंपाकाच्या तंबूत झाले. सात वाजता डाळ-भात आटोपला. त्यानंतर जे घडले त्यासाठी मी हा लेख लिहितो आहे.

दोघा मुलांनी तंबूतली लहान गॅसची शेगडी उचलली. आत नेऊन चहा करायचा, हात शेकायचे, पाच मिनिटांत परत आणायची, असा बेत. वाटाड्याने मना केले तर त्यांना वाटले, की तो गॅस वाचवतो आहे. ते हसत-हसत खोपट्याकडे निघाले. तेवढ्यात तो अबोल मुलगा त्या ठेंगण्या दारासमोर जाऊन गुडघ्यांवर बसला. दार पुरते अडले.

“आत नाही न्यायची.”

“काहून बे? पाच मिनिटं तं आहेत.”

“माहा बाप थंडीनं नाही मेला. शेगडीनं मेला.”

कोणी काही बोलले नाही. शेगडी बर्फावर ठेवली गेली. तिच्या पायांखालचा बर्फ हळूहळू खचत होता, तेवढेच दिसत होते.

मग त्याने जे सांगितले ते थोड्या शब्दांत असे. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले होते. डिसेंबरातली इतकी थंडी आपल्यापैकी कोणाच्याच आठवणीत नव्हती. त्या आठवड्यात त्याचे वडील हुडकेश्वरच्या एका लेआउटवर राखणीला होते. आठ फूट बाय सहाची टिनाची खोली. टिन रात्री बर्फासारखे होते. त्यांनी घमेल्यात निखारे घेऊन आत ठेवले आणि दार लावले. हा तेव्हा नववीत. सकाळी सहाला डबा घेऊन गेला. हाक दिली, दार लोटले. वडील कुशीवर निजलेले. चेहरा लालसर, टवटवीत, जणू आताच शेकोटीपासून उठून आले आहेत. म्हणून आधी त्याला काही वाटलेच नाही. तो डबा उघडून बसला.

कोळसा पुरेशा हवेवाचून जळू लागला, की त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले लाल द्रव्य प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेपटीहून अधिक ओढीने धरून ठेवते. डोके जड होते, झोप येते. झोप हवीच असते, म्हणून माणूस उठत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या अंगीठीने कुटुंबेच्या कुटुंबे गेल्याच्या बातम्या येतात. बर्फाच्या घरात धोका दुहेरी: ज्योतीच्या उष्णतेने भिंतींवर आतून काचेसारखा थर धरतो आणि जी थोडी हवा झिरपत असते तीही थांबते. हे सारे त्या मुलाने आयटीआयच्या पुस्तकात पुढे वाचले. तोवर सगळ्यांनी ठरवून टाकले होते, की थंडीने गेला. लेआउटवरच्या लोकांनी तसे म्हटले, शेजाऱ्यांनी तसे म्हटले. थंडीला कोणी जाब विचारीत नाही, त्यामुळे ते सोयीचेही होते.

त्या रात्री झरोक्यांवर लक्ष ठेवण्याच्या पाळ्या आम्ही लावल्या होत्या, दोन-दोन तासांच्या. माझी पाळी बारा ते दोन. मी बाहेर आलो तर तो आधीच बाहेर होता, हातात बांबू घेऊन. त्याची पाळी दहाला संपली होती. दहाच्या सुमारास हिम पडू लागले होते. वारा नव्हता, आवाज नव्हता, विजेरीच्या झोतात नुसता कापूस उतरत होता. दर पंधरा-वीस मिनिटांनी तो एका ढिगाकडून दुसऱ्याकडे जाई, बांबू झरोक्यात फिरवी, आतून उजेडाचा किंवा घोरण्याचा पुरावा मिळाला की पुढे जाई. आपल्याकडे शेतावर रानडुकरांसाठी आणि रोह्यांसाठी रात्रभर जागल करतात, तशी ही जागल. मी त्याला निजायला सांगितले. तो म्हणाला, “तुम्ही निजा जी. मले येत नाही.”

मी निजलो नाही. आम्ही दोघे तंबूच्या दाराशी बसलो. पोप पायस अकरावे पोप होण्याच्या बऱ्याच आधी, आकिल्ले रात्ती नावाचे तरुण धर्मगुरू असताना, १८८९ साली मोंते रोझा या शिखरावर चढले होते. उतरायला उशीर झाला म्हणून सोबत्यांसह त्यांनी साडेचार हजार मीटरहून उंच एका अरुंद कड्यावर उभ्याने रात्र काढली. बसायला धड जागा नव्हती आणि डोळा लागला तर पाय गोठण्याचे भय. तेव्हा पाय आपटत, एकमेकांना जागे ठेवीत त्यांनी पहाट गाठली. पुढे १९२३ साली पोप या नात्याने त्यांनी आल्प्सच्या खिंडीत वाटसरूंसाठी आश्रम उभारणाऱ्या संत बर्नार्डना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. ही गोष्ट मी त्या मुलाला सांगत होतो. खरे तर वेळ काढण्यासाठी. त्याने ऐकून घेतली. मग म्हणाला:

“फादर, खोलीच्या फटीत चिंध्या मीच कोंबल्या होत्या. आदल्या दिवशी. बाबा म्हणे, वारा लागते रे बाबू.”

हे पापनिवेदन नव्हते. असते तर त्यातले एक अक्षरही इथे आले नसते. हा लेख मी त्याला आणि त्याच्या आईला वाचून दाखवला आहे, आणि त्या दोघांच्या संमतीनेच तो छापला जातो आहे. त्याने आणि आईने हे चार वर्षे एकमेकांपाशीही उच्चारले नव्हते. आईला चिंध्यांचे ठाऊक होते. त्या तिच्याच जुन्या लुगड्याच्या होत्या.

पाप घडायला जाणीव आणि इच्छा लागते, ही जी शिकवण आपण मुलांना पहिल्या ख्रिस्तशरीराच्या तयारीत देतो ती मी त्याला सांगितली. वडिलांच्या सांगण्यावरून, त्यांना ऊब मिळावी म्हणून चौदा वर्षांच्या मुलाने केलेल्या गोष्टीला प्रेमाखेरीज दुसरे नाव नाही, हेही सांगितले. त्याने मान हलवली. हे त्याला ठाऊक होते. ठाऊक असून उपयोग होत नव्हता, एवढेच. घड्याळ पाहून तो उठला, बांबू घेतला आणि मुलींच्या खोपट्याकडे गेला. झरोक्यावर हिमाचे टोपण बसले होते. त्याने ते फिरवून काढले आणि वाकून विचारले, “सिस्टर, बरं हाय ना?” आतून सिस्टरांचा झोपाळू, थोडा त्रासिक होकार आला. चार वाजता हिम थांबले. सकाळी मोजले तर वीतभर नवा थर होता.

मुले उठली, फोटो काढले, खोपट्याच्या माथ्यावर कोण बसतो यावरून भांडली. एकाच्याही अंगाला काही झाले नव्हते, म्हणून रात्री काय चालले होते हे कोणाला कळायचे कारण नव्हते. शेगडी उचलणाऱ्या दोघांपैकी एकाने मात्र न बोलता त्याच्या हातचे फावडे घेतले आणि त्याच्या वाटणीचे सामान गाडीपर्यंत वाहून नेले. परतीच्या गाडीत तो मुलगा दिल्लीपासून बैतूलपर्यंत झोपून होता. त्याला कोणी उठवू नये म्हणून मुलींनी वरचा बर्थ त्याला देऊन टाकला.

माझे एक मत मी इथे नोंदवतो. शिबिरांच्या अहवालांत आपण ‘युवकांमध्ये ऐक्यभावना वाढीस लागली’ असे लिहितो. मीही लिहीत आलो आहे. पण चौकीदाराचा मुलगा, परिचारिकेची मुलगी आणि शिक्षकाचा मुलगा एका चर्चच्या बाकावर वर्षानुवर्षे शेजारी बसूनही एकमेकांच्या घरची थंडी ओळखत नाहीत. बाकावर ती ओळखता येत नाही. बर्फाच्या खोपट्यात चौघांच्या श्वासावर चौघे निजतात. तिथे कोणाचा बाप कशाने गेला हे विचारावेच लागते. तो कडू प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनाही मी हे सांगितले. त्यांनी ऐकले आणि विचारले, “मग आता चौकीदारांचे काय?”

त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर तो मुलगा बोलायला उभा राहिला. कागद हातात होता, वाचला नाही. निखारे घेऊन दार लावू नका, आणि ज्यांच्या ओळखीचे चौकीदार आहेत त्यांनी त्यांना हे सांगा, इतकेच बोलला. त्याची आई तिसऱ्या रांगेत होती. दुपारी तो, शेगडीवाले ते दोघे आणि दोन मुली ड्रिल मशीन घेऊन लेआउटवर गेले. टिनाच्या खोल्या त्यांनी पाहिल्या, मालकांना किंवा ठेकेदारांना फोन करून परवानगी मागितली. ज्यांनी दिली त्यांच्या खोलीला वर छताखाली आणि खाली दाराजवळ अशी दोन-दोन भोके पाडली. निखारे बाहेरच ठेवायचे. भोके त्या रात्रीसाठी, ज्या रात्री कोणी ऐकणार नाही. जमिनीचा गारवा वर येऊ नये म्हणून निजायला पोत्यांत तणस भरून गाद्या दिल्या. ही कल्पना खोपट्यातल्या ओट्यावरून सुचली. तिथे आम्हांला बर्फावर आधी देवदाराचे डहाळे अंथरायला लावले होते.

एका म्हाताऱ्या चौकीदाराने भोक पाहून बराच आरडाओरडा केला. “पोट्टेहो, थंडी बाहेर ठेवाले घर असते, अन् तुम्ही तिले आत बोलावून राहिले!” मुलाने त्याच्याशी अर्धा तास घासाघीस केली. मुठीएवढ्या भोकावरून सौदा तीन बोटांवर आला. शेवटी म्हाताऱ्याने चहा पाजला.

हे काम त्यानंतरच्या हिवाळ्यांतही चालू राहिले. यंदा पाडलेल्या भोकांची तपासणी करायला तो गेल्या रविवारी गेला होता. अकरा खोल्यांपैकी चार खोल्यांची भोके चिंध्यांनी बुजवलेली निघाली. म्हाताऱ्याचेही त्यांत होते. मुलाने त्या चिंध्या ओढून काढल्या आणि बरोबर घेऊन आला, म्हाताऱ्याने पुन्हा त्याच कोंबू नयेत म्हणून. येत्या रविवारी तो परत जाणार आहे. या वेळी भोकांवर आतून जाळी ठोकायची, म्हणजे बोळा बसणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. जाळीचे पैसे परिषदेने द्यावेत, असा अर्ज त्याने माझ्या टेबलावर ठेवला आहे.